आधी मारलेली फुली

१

राजेंद्र देवळात गेला, तरी हात जोडण्याआधी आपण चप्पल कुठे काढली हे मनाशी पक्कं करून घेणारा माणूस. सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत, धाग्याला पीळ देणाऱ्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स इंजिनिअर होता. चार वर्षांत विसरलं म्हणून त्याचं एकही काम राहिलं नव्हतं. याचं श्रेय तो ना स्वतःच्या डोक्याला द्यायचा, ना देवाला. द्यायचा एका फाईलला.

चौऱ्याण्णव साली कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुन्यातला एक त्याने घरी आणला. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. बायकोने, विद्याने, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर साखरेचे चार दाणेही ठेवले. मुंग्या लागतील म्हणून राजेंद्रने ते फुंकरीने उडवले.

"यात शिकायचं असं काही नाही," तो म्हणाला. "नुसता मजकूर. रकाने नाहीत, रंग नाहीत, चित्रं नाहीत. एक ओळ, एक काम. काम झालं की ओळीच्या आधी फुली. बस."

"आणि नाही झालं तर?"

"तर फुली नाही. खोटं बोलायची सोयच नाही यात. म्हणून तर मला आवडतं."

कारखान्याची एक फाईल होती. तिच्यात 'चार नंबरचं बेअरिंग बदलणे' असल्या ओळी असत. घराची दुसरी. दोन्ही एकाच फ्लॉपीवर, आणि ती फ्लॉपी खिशात घालून तो रोज ने-आण करायचा. विद्या इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकली. 'तांदूळ निवडणे.' 'गिरणी.' 'जुईचे डॉक्टर.' श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिने एका खाली एक सोळा ओळी लिहिल्या, सोळा सोमवारांच्या. सतराव्या ओळीत लिहिलं, 'उद्यापन.'

मागणं काही तिने लिहिलं नाही. ते देवाला ठाऊक होतं, आणि सगळ्या कॉलनीलाही. जुईला चार वर्षं आठ महिने झाले होते आणि अजून तिच्या तोंडून एकही शब्द फुटला नव्हता. वापीच्या डॉक्टरांनी कान पाहिले, नाशिकच्यांनी जीभ पाहिली. सगळं ठीक आहे, धीर धरा, म्हणाले. विद्याने धीर धरला होता. आता तिने व्रत धरलं. पोरीने एकदा 'आई' म्हणून हाक मारावी, एवढंच.

२

सोमवारी वसाहतीची वीज बंद असायची. सकाळी नऊला जायची, ती दिवेलागणीनंतर कधीतरी यायची. मशिनं थंड असतात तेव्हाच मेंटेनन्सवाल्यांची खरी घाई, त्यामुळे राजेंद्र त्या दिवशी उशिराच घरी येई.

पहिल्या सोमवारी विद्याने सगळं यथासांग केलं. संध्याकाळची पूजा झाली. कणीक तुपात भाजून, गूळ घालून चुरमा केला, त्याचे तीन भाग केले. एक देवाला, एक लोकांना, एक व्रत करणाऱ्याने खायचा. मग फुली मारायला ती कॉम्प्युटरसमोर येऊन बसली, तर वीजच आली नाही. व्रताची ओळ तशीच कोरी राहिली, आणि तिला काही झोप लागेना.

म्हणून पुढच्या सोमवारी तिने नऊच्या आधीच फुली मारून टाकली. करणार तर होतीच. सकाळी पळीभर पाणी ताम्हनात सोडून संकल्प केला, की निम्मं व्रत पदरात पडलंच, असं तिची आई म्हणायची. मग फुली मारली तर बिघडलं कुठे? आणि हात लागलाच होता, तर त्या दिवसाच्या आणखी दोन ओळींवरही तिने फुली मारली.

तो सोमवार नीट गेला. तिसऱ्या सोमवारी ती भाजी घेऊन परत आली, तर तांदळाचं ताट ओट्यावर होतं. तांदूळ निवडून झालेले. खडे एका बाजूला, एका ओळीत मांडलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत.

तानूबाई भांडी घासायला आली तेव्हा विद्या म्हणाली, "बाई, कशाला गं तू तांदूळ निवडत बसलीस? आधीच तुझी कंबर दुखते."

तानूबाई साक्रीकडची. तिचा नवरा राजेंद्रच्याच कारखान्यात होता. तिने ताट पाहिलं आणि हसली. "मी नाई वो ताई. माझा हात लागला अस्ता तर खडे इतके नीट ठिवले अस्ते का? मी तर फेकून देते."

"मग कोणी?"

"तुम्हीच निवडले अस्तीन. उपासाचं डोकं, काय ध्यानात ऱ्हातं?"

विद्याही हसली. खडे तिने उचलले आणि अंगणात टाकले. टाकताना तिच्या लक्षात आलं, की तिने नुसती फुली मारली होती. तांदूळ डब्यातून काढलेसुद्धा नव्हते.

३

पाचव्या सोमवारी दुपारी ती देवळाबाहेरच्या फूलवाल्याकडे बेल घ्यायला गेली. कडेवर जुई होती.

"बेन, बीलीपत्र तो तमे हमणां ज लई गया," फूलवाला म्हणाला.

"मी? नाही हो भाई. मी आत्ता येतेय."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग जुईकडे पाहिलं. "बेबी साथे नहोती," तो म्हणाला, जरा थांबून. मग मान हलवून त्याने बेलाची जुडी पुडीत बांधली.

घरी आली तर कुलूप जसंच्या तसं. आत देव्हाऱ्यात निरांजन शांत जळत होतं. पिंडीवर बेल वाहिलेला होता, पालथा, अगदी हवा तसा. ओट्यावर चुरम्याचे तीन भाग. त्यातला तिसरा, व्रत करणाऱ्याचा, संपलेला होता. वाटी धुऊन पालथी घातलेली.

कोणी म्हणेल, तिने तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण देवावर भरवसा ठेवलेल्या बाईला आधी भीती वाटत नाही, आधी भरून येतं. विद्या तिथेच गुडघे टेकून बसली. कोणीतरी आपल्या ओझ्याला हात लावतंय, असं तिला वाटलं. तिने आणलेला बेल वरून पुन्हा वाहिला. चुरमा पुन्हा करावा तर घरात दुसरी कणीकच नव्हती. तिने उपास दुसऱ्या दिवशी सोडला.

रात्री राजेंद्रला सांगितलं, तर तो म्हणाला, "तूच करून गेली असशील. दिवसभर पोटात काही नाही, चक्कर येते, माणूस विसरतं. दूध तरी घेत जा."

त्याचं म्हणणं खरंही असेल. तिने मनाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. आपण कणीक भाजली का? हाताला तुपाचा वास होता का? तिने हात हुंगले. साबणाचा वास येत होता.

त्यानंतर प्रत्येक सोमवारी ती परतायची तेव्हा, किंवा नुसती गच्चीवरून खाली यायची तेव्हा, सगळं झालेलं असायचं. आणि जुईत फरक पडत होता, हे तर राजेंद्रनेही पाहिलं. पोरगी गुणगुणू लागली होती. स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसायची आणि आत बघून हसायची.

"व्रताला यश येतंय गं," राजेंद्र म्हणाला. देवाचं नाव घेताना ओठ दुमडणारा तो माणूस, पण हे बोलताना त्याचा आवाज कापला.

४

नवव्या सोमवारी सकाळी तिने फुली मारली, नऊला वीज गेली, आणि अकराच्या सुमाराला तिला कळलं की आपण बाजूला बसायला हवं. अशा सोमवारी उपास करायचा, पण पूजा करायची नाही, आणि तो सोमवार मोजायचाही नाही. तो पुढे ढकलायचा. फुली काढून टाकायला हवी होती. पण पडदा काळाठिक्कर होता.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी चटई टाकून ती बसली. जुईला तिने तानूबाईकडे देऊ केलं, पण पोर हात सोडवून स्वयंपाकघरात पळाली. तानूबाई भांडी घासून गेली. दुपार झाली. कारखाने बंद, पंखा बंद. सोमवारची सिल्वासा इतकी शांत असते, की नदीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा गिअर बदललेला ऐकू येतो.

आणि स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

एक, दोन, तीन. मग स्टोव्ह भरभरू लागला. कढई ठेवल्याचा आवाज. तूप. कणीक. मग ती चरचर, आणि उलथन्याची कढईवरची खरखर, मधूनच थांबणारी, जशी विद्या थांबते, हात बदलायला.

"तानूबाई?" तिने हाक मारली.

उलथनं थांबलं. जरा वेळाने पुन्हा सुरू झालं.

ती उठली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली, आणि तिथेच अडली. तिला शिवायचं नव्हतं. आत देव्हारा होता, नैवेद्य शिजत होता, आणि लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट अशी एका दुपारी सुटत नाही. दार अर्धं लोटलेलं होतं. भाजलेल्या कणकेचा खमंग वास येत होता. बांगड्या वाजत होत्या. आणि जुई गुणगुणत होती. कोणीतरी मांडीवर घेऊन थोपटत असावं, अशा लयीत.

"जुई, बाळा, बाहेर ये."

गुणगुणणं थांबलं नाही.

मी बाजूला बसलेली नसते तर आत गेले असते, असं विद्या पुढे कितीदा तरी स्वतःला सांगत राहिली. ते खरं होतं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. स्टोव्ह विझेपर्यंत.

जुई बाहेर आली, तेव्हा तिच्या ओठाला चुरमा लागला होता. केसांच्या दोन वेण्या घातल्या होत्या. सकाळी विद्याने एकच घातली होती.

रात्री राजेंद्र आत जाऊन आला. "तीन भाग, एक खाल्लेला," तो म्हणाला आणि हसला. "अगं, आजकाल कोण एवढं पाळतं? केलंस तर केलंस. माझ्यापासून कशाला लपवायचं?"

५

तेव्हापासून विद्याने आगाऊ फुली मारणं सोडलं. कॉम्प्युटरला ती हातच लावीना. पण रात्री वीज आल्यावर राजेंद्रने फाईल उघडली, की सोमवारच्या ओळीवर फुली असायचीच. त्याच्याकडे याचंही उत्तर होतं. कारखान्यातली प्रत वेगळी, घरची वेगळी, फ्लॉपीवरून एकीवर दुसरी चढते, होतं असं. तो सांगायला लागला की सगळं पटायचं. मग तो आंघोळीला गेला, की पटेनासं व्हायचं.

ती पहाटे उठून पूजा करायला गेली, तर निरांजन लावून झालेलं असे. त्याच्याही आधी उठली, तर वात संपत आलेली असे. पिंडीवरचं पाणी वाळलेलं असे. तिला मागे टाकून कोणीतरी नेहमी थोडंसं पुढे असायचं.

चौदाव्या सोमवारनंतर तिने तानूबाईला विचारलं, "समज, एकीने व्रत धरलं आणि केलं दुसरीनेच. तर?"

तानूबाईने राखेचा हात थांबवला. "ज्यानं उपास केला, परसाद खाल्ला, फळ त्याचं. दुसऱ्याच्या जेवनानं आपलं पोट भरतं का ताई?" मग विद्याचा चेहरा पाहून म्हणाली, "काहून? कोनाचं बोलून ऱ्हायले?"

विद्याने बोटांवर मोजलं. तिसरा भाग तिने स्वतः खाल्ला होता फक्त चार वेळा.

सतराव्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, राजेंद्र पेपर वाचत होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अहो, उद्यापन नको करू या."

"का? शेजारच्या रघुनाथ आणि कमळावहिनींना सांगून झालं. सगळी मेहुणं सांगून झाली."

"मी पुन्हा पहिल्यापासून सोळा करते. माझ्या हाताने."

"आणि आत्तापर्यंत कोणाच्या हाताने केलेस?"

त्याने पेपर खाली ठेवला. "विद्या, पोरगी हसतेय. गुणगुणतेय. आणि तू आता मागे फिरणार?"

"सकाळच्या एसटीने मी तिला घेऊन नाशिकला जाते. आठ दिवस. मग येते."

"उद्या? आणि लोक जेवायला येतील त्यांना काय सांगू?" तो उठला, तिच्या डोक्यावरून त्याने हात फिरवला. "थकलीयस तू. उद्याचा दिवस जाऊ दे. आणि आता राहिलंय काय? मी तर शुक्रवारीच फुली मारून टाकली."

"कशावर?"

"उद्यापनावर. गुरुजी ठरले, केळीची पानं सांगितली, आचारी सांगितला. माझ्या बाजूचं काम संपलं."

"तुम्ही?" ती उठली. "आधीच?"

"तुझंच पाहून शिकलो," राजेंद्र म्हणाला. त्याला वाटलं ती हसेल.

तिने धावत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. फुली पुसली. ओळ पुसली. सगळी फाईल पुसली. राजेंद्र मागे उभा राहून पाहत होता, आता त्यालाही जरा भीती वाटत होती, पण तिची.

"बरं, पुसलीस," तो हळूच म्हणाला. "फ्लॉपी कारखान्यातच राहिलीय. तिच्यावर आहेच ना."

६

सोमवारी पाचला तिने जुईला उठवायला हात घातला, तर अंथरूण गार होतं.

जुई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. आंघोळ झालेली, नवा परकर, दोन वेण्या, गजरा. विद्याने तिला उचललं तसं पोरीने दाराची चौकट धरली. एवढीशी पोर, पण बोटं सुटेनात. आणि तोंडातून जो आवाज काढला, तो ऐकून राजेंद्र धावत आला आणि त्याने मुलीला विद्याच्या हातातून काढून घेतलं.

"मारतेस की काय तिला? सोड!"

एसटी गेली. नऊला वीज गेली. अकराला गुरुजी आले, मेहुणं आली. आचाऱ्याने मागच्या अंगणात चूल पेटवली. कमळावहिनींनी तिला बाहेरच्या खोलीत पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तू इथे कशी? आत्ता तर मी तुझ्याकडून पाणी घेतलं."

विद्या स्वयंपाकघराकडे चालू लागली. आज तिला बाजूला बसायचं नव्हतं. आज काहीच आड येत नव्हतं. तरी त्या बारा पावलांना फार वेळ लागला. मागे गुरुजींचे मंत्र चालू होते. दोरीवर वाळत घातलेलं तिचं सोवळ्याचं रेशमी लुगडं तिथे नव्हतं.

तिने दार ढकललं.

खिडकीतून दुपारचं ऊन ओट्यावर पडलं होतं, त्यामुळे खालचं नीट दिसेना. पाटावर कोणी बसलं होतं, पाठमोरं. सुटे ओले केस पाठीवर. मांडीवर जुई. एक हात पुढे आला आणि जुईच्या तोंडात चुरम्याचा घास दिला. हिरव्या बांगड्या होत्या. विद्याच्या डाव्या हातातली एक बांगडी गेल्या आठवड्यात पिचली होती, ती तिने काढून टाकली होती. या हातात सगळ्या होत्या.

घास भरवून तो हात जुईच्या गालावरून फिरला. जुईने वर पाहिलं. आजवर विद्याकडे तिने असं कधी पाहिलं नव्हतं.

"आई," जुई म्हणाली.

स्वच्छ, खणखणीत. बाहेरच्या खोलीतले मंत्र थांबले. कुणाच्या तरी हातातलं भांडं पडलं. राजेंद्र विद्याच्या खांद्याला धक्का देऊन आत धावला. "बोलली! विद्या, बोलली ती! ऐकलंस ना?" तो रडत होता, हसत होता, आणि हे सगळं तो आत, पाटाकडे बघून बोलत होता. बायका दारात गोळा झाल्या. त्यांच्या गर्दीने विद्या मागे मागे सरकत बाहेरच्या खोलीत आली. कोणी तिला ढकललं नाही. सगळ्यांनी तिला वाट दिली, जशी पाहुणीला देतात.

आत राजेंद्रचं हसू ऐकू येत होतं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी हळू आवाजात हुंकार देत होतं.

थोड्या वेळाने गर्दीतून वाट काढत जुई बाहेर आली. दोन्ही हातांत द्रोण धरलेला, चालताना सांडू नये म्हणून जीभ दातांत धरलेली. ती विद्यासमोर येऊन थांबली. कोणी नीट वळण लावलेल्या मुलीसारखी तिने आधी मान वाकवली.

"काकू," ती म्हणाली, "प्रसाद घ्या. आणि जेवून जा, आई म्हणाली."

जवळजवळ पाच वर्षं जो आवाज कसा असेल म्हणून विद्या रात्र रात्र कल्पना करत होती, तो तिला वाटलं होतं त्याहूनही गोड होता. आधी तेच तिच्या मनात आलं. देवा, बोलली. पोर बोलली.

तिने हात पुढे केला. सोळा सोमवारचा प्रसाद कोणी नाकारत नसतं. चुरमा गरम होता, जायफळ बेताचं होतं, गूळ तिच्या हातच्यासारखाच. जुई तिने खाईपर्यंत उभी राहिली, मग द्रोण परत घेऊन आत पळाली.

केळीची पानं मांडून झाली होती. सगळी मेहुणं जोडीजोडीने बसली. ओळीच्या शेवटी, दाराजवळ, एक पान एकट्याचं मांडलेलं होतं. विद्याने पदर आवरला आणि त्या पानावर जाऊन बसली.